पैसे मोजलेला गेम बंद का पडावा?

विकत घेतलेले व्हिडिओ गेम कंपन्यांनी निकामी करू नयेत, असे म्हणणारी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही युरोपातील मोहीम तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणून अवाजवी ठरवणारा लेख वाचला. तो पटला नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा २०१४ मधील ‘द क्रू’ हा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीचे सर्व्हर (ज्या संगणकांशी इंटरनेटवरून जोडल्याशिवाय गेम चालतच नसे) बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही उघडेनासा झाला. डिस्क हातात असूनही उपयोग शून्य. सर्व्हर कायम चालवा, असे मोहीम म्हणतच नाही. बंद करताना गेम खेळता येईल एवढी सोय ठेवा, इतकीच मागणी आहे आणि तिला १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. याच कंपनीने पुढे ‘द क्रू २’मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. मग हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, हा लेखातील मुद्दा टिकतो कसा?

– एक वाचक, ठाणे