गाविलगड : चढण न चढता पाहता येणारा किल्ला

महोदय,

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून वृत्तपत्रांतून गडकोटांवरचे लेखन वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र किल्ला पाहायचा म्हणजे पहाटे उठायचे, पाठीवर पिशवी टाकायची आणि घामाघूम होत कडा चढायचा, हे या लेखनात जणू गृहीतच धरलेले असते. ज्यांचे गुडघे आता कुरकुरतात, ज्यांच्या कडेवर लहान मूल आहे किंवा ज्यांना मुळात धाडस करायचेच नाही, फक्त इतिहासाच्या सोबतीने तासभर चालायचे आहे, अशांना त्यात फारसे स्थान नसते. बारापैकी एकही किल्ला विदर्भातला नाही, याची तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, कारण त्या यादीचा विषयच वेगळा होता. माझे म्हणणे एवढेच आहे की जंगलाच्या सावलीतून, तलावाच्या काठाने, फारशी चढण न लागता पडक्या तटबुरुजांपर्यंत नेणारी वाट महाराष्ट्रात कोणाला हवी असेल, तर ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर जवळजवळ तयारच आहे. ती पायी चालणाऱ्यांची वाट म्हणून आखण्याचे काम तेवढे उरले आहे.

ही वाट सोपी का आहे, याचे उत्तर तिथल्या भूगोलात आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक किल्ल्यांवर पायथ्यापासून चढावे लागते. चिखलदऱ्याला येणारा माणूस परतवाड्याहून घाटाच्या रस्त्याने आधीच सुमारे अकराशे मीटर उंचीवर पोहोचलेला असतो आणि किल्ला त्याच पठाराच्या पुढे आलेल्या सोंडेवर आहे. दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीवरून पाहिले, तर तोच किल्ला उभ्या कड्यांवर बसलेला दिसतो आणि पाहणाऱ्याची छाती दडपते. उत्तरेकडून जाणाऱ्याला मात्र आपण डोंगरी किल्ल्यात शिरतो आहोत हे सांगावे लागते. गंमत अशी की आज ज्या बाजूने एखादा निवृत्त शिक्षक काठी टेकत आत जाऊ शकतो, तीच बाजू १८०३ मध्ये, किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे असताना, त्याच्या मुळावर आली. त्या डिसेंबरात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेला देवगावच्या बाजूला होता आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेकडे लबाडा गावाच्या अंगाला आणल्या. त्या तोफांनी तटाला खिंडारे पाडली आणि १५ डिसेंबर रोजी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडल्यावरही आतल्या किल्ल्याचा तट उभाच होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने त्याला शिड्या लावल्या, ती आत उतरली आणि तिने दरवाजा उघडला. बचावाचे नेतृत्व करणारा बेनीसिंग या लढाईत पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघुजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि कटकसह मोठा मुलूख त्यांच्या हातून गेला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र तहाने त्यांच्याकडेच राहिले, हे आज इकडच्याही पुष्कळांना ठाऊक नसते.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की तो त्या वाटेवरच उलगडत जातो. बाहेरच्या किल्ल्यातून आतल्या किल्ल्याकडे चालत जाताना आपण हल्ल्याच्याच क्रमाने जात असतो, आणि दोन तटांमधली जागा पाहिली की कागदावरचा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. अहमदशहा वली बहमनी याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला हा किल्ला पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने वाढवला आणि सजवला. दिल्ली दरवाजावर दगडात कोरलेले गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, विजयनगरच्या राजांशी जोडले जाणारे चिन्ह) आणि शार्दूल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आजही स्पष्ट दिसतात. फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू होता, लहानपणी पकडला जाऊन वऱ्हाडात वाढला, असे फरिश्ता हा जुना इतिहासकार सांगतो. दख्खनच्या सुलतानाच्या दरवाजावर गंडभेरुंड कसा, हा प्रश्न त्यामुळे फार रंगतो आणि त्यावर दरवाजाखालच्या गारव्यात बसून बोलायला मजा येते. आत उंचवट्यावर कमानींची मोठी मशीद आहे. तिचा काही भाग ढासळला आहे, पण नाजूक जाळीकाम पाहिले की पाय थबकतात.

याहूनही मला महत्त्वाचे वाटतात ते किल्ल्यातले तलाव. पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्र घेतात आणि पुढे जातात, पण इतक्या उंचीवर शिबंदी, तिची कुटुंबे, घोडे आणि गुरे वर्षभर जगवायची तर पाणी कुठून आणणार, हा किल्लेदारापुढचा पहिला प्रश्न असतो. मेळघाटात पाऊस भरपूर पडतो आणि तितक्याच वेगाने दऱ्यांत वाहून जातो. माथ्यावरच्या खोलगट जागा हेरून, बांध घालून ते पाणी अडवले, म्हणून हा किल्ला नांदता राहिला. मच्छी तलावाच्या काठाने सावकाश चालणारा माणूस ही व्यवस्था जशी पाहू शकतो, तशी ती गाडीच्या काचेतून दिसत नाही. पाणी असले की पक्षी असतात आणि ओल्या मातीत रात्री येऊन गेलेल्या जनावरांच्या पावलांचे ठसेही दिसतात.

बाहेरच्या एका उदाहरणाचा उल्लेख येथे अस्थानी ठरणार नाही. आतल्या किल्ल्यावर शिड्या लावणारी कॅम्पबेलची तुकडी ज्या ९४ व्या पलटणीतली होती, ती ‘स्कॉच ब्रिगेड’ म्हणून ओळखली जात असे. त्याच स्कॉटलंडमध्ये रॉथिमर्कसच्या पाइनच्या जंगलात लॉख अन आयलिन नावाचे सरोवर आहे आणि त्यातल्या छोट्या बेटावर मध्ययुगीन किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. सरोवराभोवती सुमारे पाच किलोमीटरची सपाट पायवाट आहे आणि तिच्यावरून म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सगळे चालतात. किल्ल्यात कोणी जात नाही, काठावरूनच तो पाहायचा. तिथे भव्य असे काहीच उभारलेले नाही. चालण्याजोगी वाट आणि भोवतीचे राखलेले जंगल, एवढ्यावर लोक तृप्त होऊन परततात. गाविलगडाचा इतिहास आणि विस्तार त्या बेटावरच्या किल्ल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

म्हणूनच चिखलदऱ्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की काचेच्या स्कायवॉकभोवतीच सगळी चर्चा फिरते, याचे मला नवल वाटते. स्कायवॉकला माझा विरोध नाही, ज्यांना दरीवर उभे राहायचे आहे त्यांनी खुशाल राहावे. पण त्या खर्चाच्या अगदी लहान अंशात किल्ल्याच्या दरवाजापासून तलावाच्या काठाने मशिदीपर्यंत आणि तिथून दुसऱ्या बाजूने परत अशी एक फेरी आखता येईल. तिला सिमेंट नको, फरशी नको आणि रंगीत दिवे तर मुळीच नकोत. पावसाळ्यात वाहून जाणारे टप्पे दगड बसवून पक्के करावेत, वळणावर अंतर आणि दिशा सांगणारे खांब लावावेत आणि कड्याच्या बाजूला मूल धावत जाईल अशा जागा बंद कराव्यात, एवढे पुरे आहे. पहिल्या दरवाजापलीकडे कोणाचीही खासगी गाडी जाता कामा नये. ज्यांना खरोखरच चालता येत नाही, त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारे एखादे वाहन ठेवता येईल. हे केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे आणि भोवतीचे जंगल मेळघाटचे, म्हणजे १९७० च्या दशकात व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या तुकडीत निवडलेल्या प्रदेशातले आहे, त्यामुळे दगड हलवायचा तरी परवानगी लागणार हे मला ठाऊक आहे. पण मागणीच पायवाटेपुरती मर्यादित असेल, तर त्या नियमांची अडचण होण्याऐवजी मदतच होईल.

सोपी वाट म्हणजे बेफिकिरीची वाट, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बिबट्या आणि अस्वल या परिसराचे रहिवासी आहेत आणि संध्याकाळी रेंगाळणे शहाणपणाचे नाही. म्हणून ठरावीक वेळा असाव्यात आणि सोबत इथल्या कोरकू आदिवासी समाजातले प्रशिक्षित तरुण-तरुणी वाटाडे म्हणून असावेत. पाऊलखुणा, झाडे आणि पक्षी यांबद्दल त्यांच्याइतके कोण सांगणार? पावसाळ्यात धुक्यासाठी चिखलदऱ्यात एवढी गर्दी लोटते की चालायलाही जागा नसते आणि धुक्यात किल्ला तर दिसतच नाही. या फेरीसाठी दिवाळीनंतरचे दिवस चांगले. तेव्हा तलाव भरलेले असतात, सागाची पाने अजून झाडावर असतात आणि दुपारचे ऊनही सोसवते. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग निष्पर्ण झाला की सावली जाते, पण तटबंदीची रेषा तेव्हाच सर्वांत स्पष्ट दिसते. किल्ल्याच्या अभ्यासकाने त्या दिवसांत यावे.

हाच विचार अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याबाबतही व्हायला हवा. शहानूर गावावरून वर गेले की तिथेही अभयारण्य आहे, शक्कर तलाव आहे आणि कोरीव कमळे व शिलालेख मिरवणारा महाकाली दरवाजा आहे. पण दोन्हीकडे एकदम हात घालण्यापेक्षा आधी गाविलगडाची एक फेरी नीट करून पाहावी.

हिवाळ्यातल्या शालेय सहली तोंडावर आल्या आहेत. बाकी सारे सावकाशीने होईल, पण निदान दिशादर्शक खांब आणि दरवाजाजवळ मराठीतला एक नीट नकाशा त्यापूर्वी लागावा, अशी संबंधितांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
परतवाडा, जि. अमरावती