शुभे, बर्नीनं माघार घेतली

जर्सी सिटी
१० एप्रिल २०२०

शुभे,

दिवाळीपासून तुला धड एक फोन नाही, तुझ्या तीन व्हॉइस नोटना मी नुसता अंगठा दाखवला, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. आम्ही ठीक. नितीनचं बीपी गोळीवर आहे, माझा गुडघा होता तिथेच आहे. इथे संध्याकाळी सातला लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवतात, तुमचे दिवे झाले म्हणे रविवारी, थाळ्या त्याआधीच झाल्या. कुठेही जा, वाजवायला माणसं तयार.

परवा बर्नीनं, आमच्या बर्नी सँडर्सनं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून माघार घेतली. बर्लिंग्टनच्या घरातून कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की आपण ३०० डेलिगेट (उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी) मागे आहोत, आता जमणार नाही, पण विचारांची लढाई आपण जिंकतोय. मी कांदा चिरत होते म्हणून रडले ते खपून गेलं. नितीन म्हणाला, तुला मत नाही, पैसे देता येत नाहीत, तुझं काय गेलं? खरंच आहे ना. २०१६ला बर्नी सारखा सांगायचा की माझ्या मोहिमेला अब्जाधीश नाही, सामान्य माणसं सरासरी २७ डॉलर देतात, तेव्हा मीपण मोठ्या झोकात वेबसाइटवर २७ टाकले, तर खाली चौकोन, मी नागरिक आहे किंवा ग्रीन कार्डधारक आहे यावर टिक करा. ग्रीन कार्डच्या लायनीत मी २०१२पासून उभी. केलं टॅब बंद.

तुला बर्नीचं हे सगळं आधी सांगितलं होतं तेव्हा तू फोनवर हसलीस. सगळ्यांना सरकारी विमा, ताशी १५ डॉलर (कायद्यातला किमान दर २००९पासून ७.२५वर अडकलाय), सरकारी कॉलेजात फी नाही, त्याचे पैसे वॉल स्ट्रीटच्या सट्ट्यावर कर लावून. तू म्हणालीस, यात नवीन काय मंजे, आमचा माथाडी कायदा १९६९चा आहे, हमालाचा मालक रोज बदलतो म्हणून मालकानं मजुरीवरची लेव्ही बोर्डाकडे भरायची, फंड आणि औषधपाणी बोर्ड बघणार, तुझ्या म्हाताऱ्याला म्हणावं मार्केट यार्डात ये, कष्टाची भाकर खाऊ घालते. मला राग आला होता. तुला प्रत्येक गोष्ट आधीच माहीत असते हा तुझा जुना रोग आहे. पण मुद्दा बरोबर होता. विमा मालकाच्या हातात ठेवला की माणूस मालकाच्या हातात.

आता मूळ गोष्ट. ऑक्टोबरात मी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजला बर्नीच्या सभेला गेले होते. एकटीच. तारीख १९, त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्याला हार्ट अटॅक येऊन दोन स्टेंट पडलेले, आणि हा गडी पंचवीस हजार लोकांसमोर तेच हातवारे करत उभा. कॅसेट तीच बरं का, चाळीस वर्षं तीच, आपल्या अप्पांसारखी. पण शेवटी त्यानं एक विचारलं. म्हणाला, आजूबाजूला बघा, ज्याला तुम्ही ओळखत नाही, जो तुमच्यासारखा दिसत नाही असा माणूस शोधा, आणि सांगा, स्वतःसाठी जितकं लढाल तितकंच त्याच्यासाठी लढाल का? माझ्या शेजारी एक उंच काळा पोरगा होता, बस डेपोत काम करणारा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून ओरडलो, येस! घसा बसला दोन दिवस. तुझी फार आठवण आली होती तेव्हा. फोन करायला हवा होता.

तर गेल्या शुक्रवारी मॅनेजरचा कॉल. बजेट कापलंय, टेस्टिंगच्या दोन कॉन्ट्रॅक्टरपैकी एकच ठेवायचाय, दोघांचं काम तू बघतेस, कुणाला काढायचं ते नाव तू सांग. एक वैभव, नांदेडचा, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीवर टांगलेल्या व्हिसावर, बायकोला सातवा महिना. दुसरी डेबी, ५८ वर्षांची, लहानपणापासून इन्सुलिनवर, माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये सहा वर्षं. डेबीला बर्नी अजिबात आवडत नाही, आमच्या पैशांवर सगळ्यांना फुकट वाटणारा म्हातारा म्हणते. मी तिला सांगायचे, अगं तुझ्यासाठीच गेला होता तो बस घेऊन, गेल्या जुलैत डेट्रॉइटहून कॅनडात, मधुमेहाच्या लोकांना तिकडे इन्सुलिन दहापट स्वस्त मिळतं हे दाखवायला. ती म्हणायची, मग कॅनडातच निवडणूक लढव म्हणावं.

मी डेबीचं नाव सांगितलं.

थांब, ओरडू नकोस. वैभवची नोकरी गेली असती तर त्याला साठ दिवस, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर देश सोड, आणि सोडून जाणार कुठे, तुमच्याकडे विमानंच बंद. सातवा महिना गं. हे सगळं मी मनात घोकून ठेवलं होतं मॅनेजरला सांगायला, पण त्यानं विचारलंच नाही. तो लगेच म्हणाला, मेक्स सेन्स, वैभवचा रेटही कमी आहे.

शुभे, हे वाक्य मला झोपू देत नाहीये. कारण बर्नी हेच म्हणतो ना! २००७च्या इमिग्रेशन बिलाला त्यानं विरोध केला तो याच कारणासाठी, की कंपन्या बाहेरून माणसं आणून मजुरी पाडतात. मी इतकी वर्षं त्याचं तेवढंच भाषण सोयीनं गाळून ऐकत आले, मला वाटायचं तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. मला डेबी त्या बस डेपोवाल्या पोरासारखी अनोळखीसुद्धा नव्हती, तिच्या हातचा केळ्याचा केक मी सहा वर्षं खाल्लाय. आपला तो आपला. एवढंच झालं माझ्या येसचं.

तू ताराक्काचा विषय काढशील हे माहितीये. काढ. मेसच्या तूरडाळीच्या त्या अर्जावर मी सही केली, तू केली नाहीस, नंतर महिनाभर तू माझ्याशी बोलली नव्हतीस आणि माझ्या ताटातलं लोणचं मात्र न विचारता उचलायचीस. तेव्हा मी म्हटलं होतं, सगळ्यांनी केली म्हणून केली. या वेळी सगळे नव्हते, मी एकटीच होते.

आणि वरताण ऐक. रविवारी डेबीचा मेसेज. बेकारी भत्त्याचा फॉर्म पुढेच सरकत नाही, तू कॉम्प्युटरवाली, जरा बघतेस का? इथे तीन आठवड्यांत दीड कोटीच्या वर लोकांनी अर्ज केलेत, आणि न्यू जर्सीची ती सिस्टीम चालते कशावर माहितीये? कोबोलवर, त्या जुन्यापुराण्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर! गव्हर्नर टीव्हीवर येऊन कोबोल येणारे स्वयंसेवक मागतोय. आपण वायटूकेच्या, २००० साली कॉम्प्युटरच्या तारखा गडबडणार त्या, नादात ९८ साली क्लास लावला होता, तू पंधरा दिवसांत सोडलास, मृत भाषा म्हणून. फी बुडाली तुझी.

रात्री अडीच वाजता सर्व्हर जरा हलतो, म्हणून तेव्हा बसलो, ती फोनवर आणि मी इकडे. इन्सुलिन किती दिवसांचं आहे विचारलं तर म्हणाली, पुरवून वापरतेय. मी पैसे पाठवते म्हटलं, नाही म्हणाली, मी बर्नी नाही. दोघी हसलो. फॉर्ममध्ये एक रकाना आला, नोकरी का गेली. काय लिहू, तिनं विचारलं. मी म्हटलं, काम नव्हतं असं लिही. तिनं एकेक अक्षर टाइप करताना मला कीबोर्ड ऐकू येत होता.

तिला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? नितीन म्हणतो वेडी आहेस का.

ओवीचा भूगोलाचा पेपर राहिला ना? तिला म्हणावं आता नकाशे बघ, कंटाळा येणार नाही. हमालांच्या शिध्याचं काम चाललंय असं सुलभानं सांगितलं, त्याला पैसे कुठे पाठवायचे ते कळव, तिथे तरी चौकोन नसेल. आईंना नमस्कार. आणि अंगठा दाखवू नकोस, फोन कर, शिव्या द्यायला केलास तरी चालेल, रात्री जागीच असते.

मंजू