मावशींचे हात जसे आहेत तसे दाखवणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, ती पाळते. पण आमच्या गूगलवरच्या नोंदीसाठी घरी येऊन फोटो काढून दिलेत, त्याचे जाहीर आभार मानू नका, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. अमळनेरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई आणि तुमच्या मावशी, मातीच्या खापरावरचे पुरणाचे मांडे करतात. लग्नाची पंगत असो, अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, गावात मांडे म्हटलं की निरोप आमच्याच घरी येतो. गावाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. पण मंगळवारी मंगळग्रह मंदिरात लांबलांबून माणसं येतात, दर्शन झालं की मोबाईल काढून जवळपास खायला काय मिळतं ते शोधतात. त्यांना आपण दिसावं म्हणून गूगलवर आपली नोंद करायची होती, एवढंच.

ते काम एका एजन्सीला दिलं. 'पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी' म्हणत आगाऊ पैसे घेतले आणि घरी कोणी फिरकलंसुद्धा नाही. नोंदीच्या कव्हरवर फोटो लावला तो उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचा, रुमाली रोटी हवेत उडवताना! त्यावर लाल पट्टीत आमचा फोन नंबर, तोही मोबाईलवर अर्धा कापलेला. फोन केला तर उत्तर काय, 'मॅडम, सेमच दिसतं ना.' गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, तार सुटेपर्यंत मळायचं, आत पुरण भरून ती लाटी हातांवर वाढवत वाढवत पार कोपरापर्यंत न्यायची आणि फाटू न देता उलट्या खापरावर टाकायची. याला सेम म्हणणाऱ्याने मांडा कधी पानात घेतलेला नसणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. एवढे पाहुणे आले, त्यांना खानदेशातलं काहीतरी खायचं होतं, आणि त्या आचाऱ्याच्या फोटोमुळे आम्हाला फोन येत होते बटर चिकन आहे का विचारायला. आईंच्या चुलीवर आजवर अंडंही चढलेलं नाही. ते दिवस आठवले की अजून जीव जळतो.

नंतर एक फोटोवाला आला. त्याने आईंना भारीतली साडी नेसवली, हातात सजवलेलं ताट देऊन उभं केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर त्यांच्या मनगटांवरचे भाजल्याचे डाग पुसून टाकले. आई बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. 'या मनाज हात शेतस का?' हे माझेच हात आहेत का, एवढंच विचारलं. त्यानंतर फोटोचा विषय काढला तरी त्या उठून आत जायच्या.

अशा घरात तुम्ही आलात, भाऊ. आल्या आल्या कॅमेरा काढला नाही. चुलीपासून जरा लांब पोत्यावर बसून आईंचं काम बघत राहिलात. आम्ही उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या नेटमुळे पांढऱ्याशुभ्र मांड्यावर हिरवट झाक पडते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. तुम्ही ती नेट गुंडाळलीत आणि तिच्या जागी मामंजींचं धोतर बांधलंत. ऊन त्यातून गाळून आलं आणि आईंच्या हातांवरचा मांडा असा दिसायला लागला की आतलं पुरण बाहेरून कळावं. फोटोवर एक अक्षर लिहू दिलं नाहीत, नाव खाली येतंच म्हणालात. कडा कापल्या गेल्या तरी हात आणि खापर मधोमध राहावं, अशी चौकट धरलीत. आणि आपण दिलेलंच कव्हर पहिलं दिसेल याची गूगल खात्री देत नाही, हेही आधीच सांगितलंत. त्या एका वाक्याने तुमच्यावर विश्वास बसला. एजन्सीकडे राहिलेली खात्याची मालकी तुम्ही कशी सोडवून दिलीत, ते इथे सांगत बसत नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट राहते. फोटो काढून झाल्यावर मी पुढे झाले, कारण पैसे मी देणार, नोंद मी सांभाळणार. तुम्ही मला थांबा म्हणालात. चुलीजवळ उकिडवे बसलात, कॅमेऱ्याचा पडदा आईंकडे फिरवला, ऊन लागून दिसेना म्हणून वर हाताचा आडोसा धरला आणि विचारलंत, 'मावशी, हे भाजल्याचे डाग दिसतात यात. राहू देऊ का?'

आईंनी पदराला हात पुसले. नीट बघितलं. 'ऱ्हाऊ दे,' म्हणाल्या. मग तुम्ही पुढचा दाखवलात, मग त्याच्या पुढचा, आणि कव्हरला कोणता लावायचा ते त्यांनाच ठरवू दिलंत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या पंगतींसाठी हात भाजून घेतले, त्यांना त्यांच्याच हातांबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं. तुम्ही गेल्यावर मी आत जाऊन रडले, ते आज सांगते.

नोंदीतला फोटो खरा असावा, त्यात फार फेरफार नसावेत, असं गूगलही सांगतं. पण तुम्ही तो नियम पाळायला म्हणून विचारलं नव्हतंत. ते तुमच्या घरचं वळण. कामात हुशार माणसं पुष्कळ भेटली. समोर कष्टाने काळवंडलेली बाई बसली आहे, तिला मन आहे, तिला विचारावं, हे सुचणारी फार थोडी. तुमच्यासारखी माणसं गावात आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे छोटे धंदे तगतात.

आता मंगळवारी माणसं मोबाईल पुढे धरून येतात आणि 'हातावर मांडे करणाऱ्या मावशी इथेच ना?' विचारतात. बटर चिकनचे फोन बंद झाले. आणि आई आता फोटोचा विषय निघाला की आत जात नाहीत, उलट शेजारणींना बोलावून दाखवतात.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर जेवायलाही थांबला नाहीत. 'भाऊ, पहिले जेवाले बठ' असं आईंनी म्हटलं तेव्हा लग्नाची ऑर्डर आहे म्हणून निघालात. ते पैसे आईंनी पाकिटात घालून डब्यात ठेवलेत, मला हात लावू देत नाहीत. येत्या अखजीला मांडे आणि आमरस आहे. तुमच्या आईंना घेऊन या, आणि पाकीट घेतल्याशिवाय जायचं नाही.

तुमची,
मावशींची सून