फॅटी लिव्हरच्या रिपोर्टवर फिब-४ चा आकडा छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती असतात, हिंजवडीच्या कंपन्यांत तर दरवर्षी सगळ्यांचं ब्लड घेतलंच जातं. मी कोथरूडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. लोक सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवतात, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', आणि लगेच म्हणतात हे काय हल्ली सगळ्यांनाच असतं.

अहो पण ग्रेड म्हणजे चरबी किती आहे ते फक्त. खरी भीती फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हरमध्ये व्रणासारखं कडक जाळं साचत जाण्याची, आणि तो सुरुवातीला साध्या सोनोग्राफीत दिसतच नाही. त्याचा अंदाज साध्या ब्लड रिपोर्टच्या आकड्यांवरून देतो तो फिब-४. आपल्या पेशींच्या आजूबाजूला प्रोटीन्सचं जाळं असतं, कोलॅजन, लॅमिनिन वगैरे, त्याच्या आधाराने पेशी राहतात. लिव्हरमध्ये स्टेलेट नावाच्या पेशी असतात, एरवी व्हिटॅमिन ए साठवून गप्प असतात. पण दारू म्हणा, हिपॅटायटिस बी-सी म्हणा, नाहीतर शुगर आणि वजनामुळे साचलेली चरबी, लिव्हरला सारखी इजा होत राहिली की ह्याच पेशी बदलतात आणि कोलॅजन तयार करत सुटतात. ते तोडणारी एन्झाइम्स शरीरात असतात, पण त्यांना अडवणारी प्रोटीन्सही वाढतात, मग जाळं जाड आणि कडक होत जातं, शेवटी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. बरं हे कडक जाळं नुसतं पडून राहत नाही, पेशींना वाढत राहायचे सिग्नल देतं. लिव्हरचा कॅन्सर बहुतेक वेळा सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्येच होतो.

आता एक उदाहरण बघा. वय ५८, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६ (ही रक्तात मोजली जाणारी लिव्हरची दोन एन्झाइम्स), प्लेटलेट १ लाख ६० हजार. रिपोर्टवर फक्त एसजीओटी बोल्डमध्ये येईल, तेही जरासंच जास्त, कोणी लक्ष देणार नाही. पण वयाला एसजीओटीने गुणा, मग प्लेटलेट (हजारात, म्हणजे १६०) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ह्याने भागा. उत्तर २.९. हाच फिब-४. १.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नाही, २.६७ च्या वर म्हणजे बराच फायब्रोसिस असायची शक्यता. (पस्तिशीच्या आत हा तितका भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात.)

चारही आकडे लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच असतात! एक ओळ जास्त छापायला काय जातंय? केंद्र सरकारने २०२१ मध्येच फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, मग पुण्यातल्या सगळ्या लॅबनी आणि महापालिकेच्या दवाखान्यांनी हे करायलाच हवं. कारण वेळेत कळलं तर हे जाळं कमीही होतं, हिपॅटायटिस सी बरा झालेल्यांमध्ये, दारू सोडलेल्यांमध्ये, दहा टक्के वजन उतरवलेल्यांमध्ये ते दिसलंय.

तोपर्यंत घरात जुने रिपोर्ट असतील तर मोबाईलवर फिब-४ कॅल्क्युलेटर उघडून आकडे टाका, आणि १.३ च्या (पासष्टीनंतर २ च्या) वर आलं तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल, नक्की विचारा.

— एक लॅब टेक्निशियन, कोथरूड, पुणे