सोनूला, निकालाच्या फोननंतर

चिपळूण,
रविवार, रात्री

चि. सोनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी फोन तू ठेवलास की रेंज गेली ते मला कळलं नाही. दादा म्हणतो रेंज गेली. त्याला माझी समजूत काढायची असते, म्हणून मीही हो म्हटलं.

तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात ब्लाउजपिसांचा गठ्ठा सोडत होते. "आई, सुटले सगळे पेपर," एवढंच तू म्हणालीस, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "म्हणजे आता लोकांचे तळतळाट घ्यायला मोकळी." कुठली आई असं बोलते? वर्षभर तू त्या सरांच्या हाताखाली उमेदवारी केलीस, जळक्या गोदामांतून, चेपलेल्या ट्रकांखालून हिंडलीस, रात्री परत येऊन पुस्तकं उघडलीस. आत्याला फोन करून मी दहा वेळा सांगितलं की आमची सोनू सर्व्हेअर होणार, म्हणजे विम्याच्या दाव्यात नुकसान मोजणारी, मुंबईच्या विमा संस्थेची परीक्षा पास झाली, आता हैदराबादच्या विमा प्राधिकरणाकडून परवाना यायचाच बाकी आहे. आत्याला सगळं सांगता आलं. तुला मात्र मी ते एकच वाक्य ऐकवलं.

म्हणून हे पत्र. तो शब्द यात परत काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

तू मागितलेले कागद दादाने कुरियरला टाकले आहेत. डिग्रीचं सर्टिफिकेट, मार्कशीटा, जन्माचा दाखला. फोटो नवीन काढून घे, जुन्यात तू फार दमलेली दिसतेस.

आता पाठीशी सर नसणार. इतके दिवस रिपोर्टखाली त्यांची सही होती. पार्टी चिडली तरी त्यांच्यावर चिडायची, तू मागे टेप धरून उभी. परवाना आला की सही तुझी आणि नावही तुझं. लोक नाव लक्षात ठेवतात, सोनू. मी ठेवलं होतं. त्या सर्व्हेअरचं नाव मला आजही पाठ आहे आणि ते या कागदावर मी लिहिणार नाही.

तू तिथेच होतीस, त्यामुळे तुला काय सांगायचं. पण त्या दिवशी तू नेमकं काय ऐकलंस हे मी तुला कधी विचारलं नाही. 22 जुलै 2021. कॉलेज ऑनलाइन होतं म्हणून तू घरी होतीस. 2005 च्या पाण्याची खूण धरून आप्पांनी हयात असताना दुकानातल्या फळ्या वर घेतल्या होत्या, आणि आपण त्या खुणेच्या भरवशावर निवांत होतो. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर साड्यांचे गठ्ठे फुगून एकमेकांत अडकलेले, काऊंटरवर चार बोटं चिखल, आणि तो वास. ओला कपडा तीन दिवस बंद खोलीत राहिला की त्याला जो वास येतो तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. नगरपालिकेची गाडी येत होती, सगळी बाजारपेठ रस्त्यावर माल टाकत होती, मीही टाकला. कुणी अडवलं नाही. फोटो काढायचं सुचलं ते निम्मा माल गेल्यावर, तेही तुला.

मग तो माणूस आला. गमबूट घातलेले, हातात टेप. भिंतीवरची चिखलाची रेघ त्याने जमिनीपासून मोजली, दोनदा मोजली. मग स्टॉकचं रजिस्टर मागितलं. मी दिलं. पानं चिकटून त्याची वीट झाली होती. त्याने अंगठ्याने एक पान सोडवायचा प्रयत्न केला, ते फाटलं, त्याने रजिस्टर मिटून ठेवलं. "फेकलेला माल मी कसा मोजू?" असं विचारलं. चहा विचारला तर नको. बसा म्हटलं तर नको. शेजारचे म्हणाले, वहिनी, काहीतरी हातावर ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं. तरी पुढे चेक आला तेव्हा माझ्या डोक्यात तेच बसलं की दिलं नाही म्हणून कापले. कागदावर नुकसान धरलं 6 लाखांचं आणि हातात आले तिनाच्या आत.

मधे तो एकदा राहिलेली बिलं न्यायला आला होता, तेव्हाच मला अंदाज आला होता. तो पायरी उतरत होता, मी त्याच्या पाठीवर बोलले. "माझ्या घासातला घास काढलास, तुझं कधी बरं होणार नाही." तू मोरीपाशी बादली घेऊन उभी होतीस. तो वळला नाही. ऐकलं असणारच.

ठरवलं होतं आणि आलाच विषय.

मग गेल्या दिवाळीत तू जुनी फाइल काढून बसलीस. फराळाचे डबे बाजूला सारून पॉलिसी जमिनीवर पसरलीस आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे हिशेब मांडलास. माल 18 लाखांचा, विमा 9 लाखांचा. "आई, निम्म्या मालाचा विमा कंपनीने उतरवला होता, उरलेल्या निम्म्याचा तू स्वतःच. मग 6 लाखांचं नुकसान झालं की 3 त्यांचे, 3 तुझे. याला ॲव्हरेज क्लॉज म्हणतात." त्यातून सुकवून विकता येण्याजोग्या मालाचे पैसे वजा, पॉलिसीत लिहिलेली एक्सेसची, म्हणजे आपणच सोसायची ठरलेली, रक्कम वजा. आकडा जवळजवळ रुपयाला रुपया जुळला. आप्पा गेल्यावर दुकान मी दुप्पट केलं, पण विम्याची रक्कम तीच ठेवली, हप्ता वाढू नये म्हणून. कापले ते मीच कापले होते. त्या माणसाने फक्त मांडून दाखवले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तुला वाटलं मला राग आला. राग नव्हता गं. बिनदोषाच्या माणसाला मी शिव्याशाप दिले होते हे तेव्हा कळलं, आणि त्याच वेळी माझी मुलगी बाहेर बसून त्याचंच काम शिकत होती. दुसऱ्या दिवशी विंध्यवासिनीला गेले ती त्याच्यासाठी. त्याला काही होऊ देऊ नकोस, माझे शब्द मागे घेते, असं म्हणून हात जोडून आले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला हसू येईल. येऊ दे.

पण सोनू, तो बरोबर असूनही मला चार वर्षं तो चोर वाटत राहिला. का, तर त्याने हा हिशेब मला कधी समजावला नाही. दहा मिनिटांचं काम होतं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर मावणारं. रिपोर्टची प्रत मागितली तर विमेदाराला द्यावी लागते हे तू सांगितलंस तेव्हा मला कळलं. पैसे किती द्यायचे हे शेवटी कंपनी ठरवते, सर्व्हेअर फक्त मोजून शिफारस करतो, हेही तेव्हाच. विमा लोकपाल नावाचं काही असतं आणि तिथे तक्रार नेता येते, हेही. माझ्यासारख्या बाईला हे कोण सांगणार?

म्हणून तू सांगत जा. पहिला फोन करशील तेव्हाच सांग, माल फेकू नका, हलवावा लागला तर आधी फोटो काढा, एक नमुना तरी बाजूला ठेवा. गाडी पाण्यात असेल तर स्टार्टर मारू नका म्हणावं. काकांनी मारला, इंजिनात पाणी ओढलं गेलं, रॉड वाकला, आणि इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून ते आजवर विमावाल्यांना शिव्या देतात. गेल्यावर आधी माणसाकडे बघ, मग भिंतीकडे. टेप काढायच्या आधी दोन मिनिटं नुसती उभी राहा. कापायचं असेल तर का कापतेस ते त्याच्या तोंडावर सांग, त्याच्या भाषेत सांग, क्लॉजच्या नंबरात नको. रिपोर्ट मुदतीत दे, कारण तू तिकडे चार दिवस जास्त घेतलेस तर इकडे कुणाची तरी चार दिवस झोप उडते. आणि पाकीट कुणी पुढे केलं तर...

बघ, सुरू झाले मी. कापड मोजणारी बाई सर्व्हेअरला सर्व्हे शिकवते आहे. माफ कर. साइटवर चहासुद्धा घ्यायचा नाही हे सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, असं तूच सांगितलंस, आणि तेव्हा कुठे मला त्या माणसाने चहा का नाकारला ते समजलं. मला तो माज वाटला होता. पाकिटाचं मी तुला सांगायची गरज नाही.

ती गरज नाही हे मला फार आधीपासून माहीत आहे. तू तिसरीत होतीस. सुट्टीत दुकानात बसायचीस. एका बाईने परकराचं कापड कमी भरलं म्हणून परत आणलं. मी म्हटलं, बरोबर मोजलंय, धुतल्यावर आटलं असेल. तू स्टुलावर चढलीस, पट्टी घेतलीस, कापड ताणलं नाहीस, सैलही सोडलं नाहीस, सरळ मोजलंस आणि भर गिऱ्हाइकात म्हणालीस, "आई, चार बोटं कमी आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई गेल्यावर तुला एक धपाटा घातला. तो धपाटा मला अधूनमधून आठवतो. आता आत्याला फोनवर तीच गोष्ट कौतुकाने सांगते, धपाटा गाळून.

दिवाळीत भांडी घासता घासता तू म्हणून दाखवत होतीस, गाडीच्या काचेला घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, नाही, रबर-प्लॅस्टिकला निम्मा, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. पाढे म्हणायचीस तशी. आणि वर 1938 च्या विमा कायद्यातलं ते सर्व्हेअरांचं 64 की काय कलम. दादा म्हणाला हिला वेड लागलंय. मी पाठमोरी उभी होते म्हणून तुला माझं तोंड दिसलं नाही.

मला रात्री झोप लागत नाही ती जळक्या छपरांमुळे नाही. त्याचीही भीती वाटते, हेल्मेट घालशील ना? पण खरी भीती तीच, जी लिहायची नाही असं ठरवलं होतं. तू बरोबर मोजशील. अगदी चार बोटंसुद्धा चुकणार नाहीस. आणि तरीही कुठल्या तरी गावात, सगळं वाहून गेलेली कुणी बाई पायरीवर उभी राहून तुझ्या पाठीवर बोलेल. तिचा हिशेब चुकला असेल, तरी तिचं पोट जळलेलं खरं असेल. आणि जळत्या पोटाचं बोलणं लागतं असं मला माझ्या आईने शिकवलंय, ते पुसता म्हटलं तरी पुसलं जात नाही. तसं कुणी बोललं तर तू वळ. तो वळला नव्हता. वळून नुसतं "बसा, मावशी, परत एकदा सांगते" म्हण. ती मीच आहे असं समज.

झालं. आता हा विषय परत नाही.

दुकानाची पॉलिसी या महिन्यात रिन्यू करायची आहे. यंदा रक्कम 22 लाख टाकायची म्हणते, माल तेवढा आहे. रजिस्टर दादा रोज रात्री मोबाइलवरही चढवतो, तूच शिकवलंस तसं. आपल्या दुकानाचं पुन्हा काही झालं तर सर्व्हे तुला करता येणार नाही, नात्यातलं काम घ्यायचं नसतं, असं तू म्हणाली होतीस. ठीक आहे. जो कुणी येईल त्याला मी चहा विचारीन. नको म्हणाला तर खुर्ची पुढे करीन आणि रजिस्टर कोरडं देईन.

शनिवारी फोन कर. रेंज नसली तर रविवारी कर. परवाना हातात आला की पहिला फोटो मला पाठव, दादाला नंतर.

तुझी,
आई