झाकण न उघडणाऱ्या सर्पमित्रास

आदरणीय सर्पमित्र,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री आपण भांडुपला आमच्या घरी येऊन गेलात. दारातून निरोप देताना माझा कंठ दाटून आला आणि आभाराचे दोन शब्दही नीट बोलता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीने साठवलेल्या पैशांतून आणलेले कॉर्न स्नेकचे पिल्लू घरात येऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. दीड वीत लांबीचा तो नारिंगी जीव एकाएकी बदलला. अंगाचा रंग फिका पडला, डोळ्यांवर निळसर, दुधाळ पडदा आला. तो तासन् तास पाण्याच्या वाटीत वेटोळे घालून पडून राहू लागला आणि उंदराचे पिल्लू समोर धरले तर तोंड फिरवू लागला. त्याच्या पेटीचे झाकण काढताच तो शेपटी इतक्या वेगाने थरथरवी की खाली अंथरलेले वर्तमानपत्र तडतड वाजे, आणि पाठोपाठ हातावर झेप घेई. मुलीने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही.

ज्याने तो विकला, त्या दुकानदाराने फोनवर सांगितले, “आंधळा झाला असेल, बदलून घेऊन जा.” सदरा बदलून द्यावा तसे! एका दवाखान्यात त्याला मुठीत धरून जबडा उघडून पाहिला गेला आणि डोळ्यांत घालायचे थेंब हाती दिले गेले. शेजारच्या आजींनी दूध पाजायला सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांना एका पिल्लासाठी पाच मिनिटे थांबता येऊ नये, याची चीड मला अजूनही येते.

आपण आलात आणि प्रथम पावती मागितलीत. आपल्याकडचा कोणताही साप 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही, हे आपण स्पष्टपणे बजावलेत, आणि हा अमेरिकेतला साप असल्याची खात्री झाल्यावरच आत आलात. मग आपण ट्यूबलाइट बंद करायला सांगितलीत, मोबाइलचा उजेड भिंतीकडे वळवलात आणि पेटीसमोर फरशीवर मांडी घालून बसलात. वीस मिनिटे. त्या वीस मिनिटांत आपण झाकणाला हातही लावला नाहीत.

त्यानंतर माझ्या मुलीला आपण हळू आवाजात म्हणालात, “बाळा, तो आजारी नाही, कात टाकायच्या तयारीत आहे. त्याला धड दिसत नाही आणि रोज कोणीतरी वरून हात घालतंय. घाबरणार नाही तर काय करेल?” सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साचला की तो धूसर दिसतो आणि कातेबरोबर तोही निघून येतो, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. आपल्या सांगण्यावरून आम्ही एसी बंद केला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत ओला टिश्यू पेपर ठेवला आणि त्याला हात लावणे थांबवले.

साप हाताळण्याचे कौशल्य असलेली माणसे मुंबईत पुष्कळ भेटतील. समोरच्या जिवाची भीती ओळखून आपला हात आवरणारा माणूस मी त्या रात्री पाहिला. त्याच माणसाने एका रडवेल्या मुलीलाही तिची चूक न दाखवता समजावले, हे मी बाप म्हणून कधीच विसरणार नाही.

दोन दिवसांनी डोळे निवळले. आपण सावध केले होते, म्हणून आम्ही खायला देण्याची घाई केली नाही. आणखी चार दिवसांनी पहाटे श्रीखंडाच्या डब्यात अखंड कात सापडली, आणि पुढच्या आठवड्यात त्याने एका दमात उंदराचे पिल्लू गिळले. दोन्ही डोळ्यांचे खवले निघाले आहेत का, ते बघायला आपण सांगितले होते. मुलीने कात खिडकीच्या उजेडात धरून तपासली. दोन्ही जागी टाचणीच्या डोक्याएवढी काचेसारखी टिकली आहे. ती कात तिने वहीच्या पानांत आपल्याला दाखवण्यासाठी जपून ठेवली आहे. भांडुपकडे येणे झाले, तर घरी अवश्य यावे.

आपला ऋणी,
एक भांडुपकर बाप