‘मंथन’ आता दूध संस्थांच्या दारात यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची (१९७६) पुनरुज्जीवित प्रत मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनच्या सुरुवातीला देशातल्या शहरांमधून झळकली. त्या वेळी बरेच लिहून आले, पण सूर एकच होता : पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला, धवलक्रांतीचा चित्रपट. ते खरेच आहे. तरी दूध संस्थेचा सभासद म्हणून मला त्यात दुधापेक्षा गावातला न्याय आणि गावातले राजकारण अधिक दिसते, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही याचे वाईट वाटते.

विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा कणा संस्थेची निवडणूक हा आहे. दुधातली फॅट (स्निग्धांश) तपासून रास्त भाव देणारी संस्था काढायला डॉ. राव (गिरीश कर्नाड) खेडा जिल्ह्यातल्या गावात येतो. खासगी डेअरीवाला मिश्रा विरोध करणार हे उघडच असते. सरपंचाला मात्र संस्था हवी असते, फक्त ती त्याच्या मुठीत राहिली पाहिजे. हरिजन वस्तीनेही निवडणुकीत उतरावे असा राव आग्रह धरतो. जातीच्या भानगडीत पडू नका, असे त्याचा सहकारी देशमुख (मोहन आगाशे) त्याला परोपरीने सांगतो. मतदान होते, सरपंच हरतो आणि पुढे वस्ती पेटते. घरे जळालेल्यांना मदत द्यायला मिश्राच धावून येतो. वस्तीतल्या बिंदूचा (स्मिता पाटील) अंगठा ज्या कागदावर उठतो, त्यात रावने अत्याचार केल्याची तक्रार असते. तिला वाचता येत नाही. अखेर रावची बदली होते आणि संस्था सांभाळायला वस्तीतला भोला (नसीरुद्दीन शाह) उरतो. निवडणूक जिंकणे सोपे, जिंकल्यावर टिकणे कठीण, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट मला माहीत नाही.

आमच्याकडे जिल्हा दूध संघाची निवडणूक लागली की संस्थेच्या वतीने मत देणाऱ्याचा ठराव कोणाच्या नावावर करायचा यावरून घराघरांत वैर पेटते. ठरावधारकांना सहलीला नेले जाते. संकलन केंद्रावर फॅट कमी लागली तर विचारायचे कोणाला, हे आजही गरीब सभासदाला, विशेषतः म्हशी सांभाळणाऱ्या बाईला, ठाऊक नसते.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली म्हणून तो वाचला. ध्वनीची निगेटिव्ह मिळालीच नाही, आवाज एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हे काम चेन्नई आणि बोलोन्याच्या प्रयोगशाळांकडून करून घेतले, खर्च गुजरातच्या दूध महासंघाने उचलला. एवढे कष्ट घेतलेली प्रत फक्त मल्टिप्लेक्सपुरती राहू नये. चित्रपट नवा होता तेव्हा धवलक्रांतीचे जनक डॉ. कुरियन यांनी त्याच्या प्रिंट गावोगाव पाठवल्या होत्या, नव्या संस्था उभ्या राहाव्यात म्हणून.

आपल्या जिल्हा संघांनी तेच करावे. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी, संस्थेच्याच आवारात, रीतसर परवानगी घेऊन ‘मंथन’ दाखवावा. बायकांना मुद्दाम बोलवावे, कारण धारा काढतात त्या आणि सभासदत्व असते नवऱ्याच्या नावावर. चित्रपटानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरांना ठेवावा आणि चेअरमन, सचिवांनी त्या वेळी समोर बसावे. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक सभासद,
जि. कोल्हापूर